पन्नास पावलांवरचा पक्षी

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे कोण कोण पाहुणे येतात? आत्या, मामा, मावशी, झालंच तर मुंबईची चुलत भावंडं. आमच्या भुईगावात त्याच सुमारास आणखी काही पाहुणे उतरतात. त्यांना फराळ लागत नाही, अंथरूण-पांघरूण लागत नाही. त्यांना लागते फक्त ओली वाळू आणि थोडी शांतता.

भुईगाव म्हणजे वसई तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. आधी वाड्या, मग सुरूची झाडं आणि ती ओलांडली की समोर अरबी समुद्र. थंडी सुरू झाली की या किनाऱ्यावर कुरव येतात, सुरय येतात, चिखल्या येतात. सँडर्लिंग नावाचा एक चिमुकला पक्षीही दिसतो. लाट मागे गेली की हा तिच्यामागे धावतो, लाट पुढे आली की तुरुतुरु पळ काढतो. वजन किती? जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याएवढं! आणि येतो कुठून? थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशातून.

अशा पाहुण्याचा फोटो काढावासा कोणाला वाटणार नाही? ही गोष्ट तिथूनच सुरू होते.

"बाई, सहाशे म्हणजे काय?"

माझा एक जुना विद्यार्थी आता आठवीत आहे. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. त्याच्या मामाने आपला जुना निकॉन कॅमेरा त्याला दिला. कॅमेऱ्याबरोबर एक छोटी लेन्स होती. पहिल्याच रविवारी हा पठ्ठ्या किनाऱ्यावर गेला आणि दोनशे फोटो काढून आला. सगळ्या फोटोंत समुद्र होता, आकाश होतं, आणि मधोमध एक ठिपका. तो ठिपका म्हणजे पक्षी!

पुढच्या आठवड्यात बापलेक दोघे माझ्या घरी हजर.

"बाई, हा म्हणतो सहाशेची लेन्स पाहिजे," बाबा म्हणाले. "सहाशे रुपये असते तर एव्हाना घेऊन दिली असती. पण दुकानदार लाखाच्या आसपास सांगतोय. हे सहाशे म्हणजे आहे तरी काय?"

त्यांची केळी आणि भाजीची वाडी आहे. लाख रुपये म्हणजे काय, हे वाडीवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. पोराचा हट्ट मोडायचा नाही आणि पैसेही वाया घालवायचे नाहीत, असा तो पेच होता. मी म्हटलं, "दादा, आधी सहाशे म्हणजे काय ते पाहू. मग हवी की नको ते ठरवू."

मी शाळेच्या विज्ञान संचातलं बहिर्वक्र भिंग काढलं. खिडकीच्या समोरच्या भिंतीसमोर ते धरलं आणि हळूहळू मागेपुढे सरकवलं. एका ठरावीक जागी भिंतीवर खिडकीबाहेरच्या माडाचं छोटंसं, उलटं चित्र उमटलं. भिंग आणि भिंत यांच्यामधलं अंतर पट्टीने मोजलं तर दहा सेंटिमीटर भरलं. हेच त्या भिंगाचं नाभीय अंतर. मग दुसरं, कमी फुगीर भिंग घेतलं. त्याचं चित्र वीस सेंटिमीटरवर उमटलं, आणि माड दुप्पट मोठा दिसला!

"म्हणजे नाभीय अंतर दुप्पट, की चित्र दुप्पट?" मुलाने विचारलं.

अगदी बरोबर. लेन्सवर 55, 300, 600 असे जे आकडे असतात, ते मिलिमीटरमधलं नाभीय अंतर. आकडा मोठा, तेवढा दूरचा पक्षी चित्रात मोठा.

आता तुम्ही विचाराल, की 600 मिलिमीटर म्हणजे साठ सेंटिमीटर. मग लेन्सही दोन फूट लांब हवी का? साध्या भिंगाची असती तर तशीच झाली असती. पण पुढे प्रकाश गोळा करणारी भिंगं आणि मागे तो थोडा पसरवणारी अंतर्वक्र भिंगं बसवली, तर लेन्सची लांबी कमी होते आणि चित्र मात्र मोठंच पडतं. अशा लेन्सला टेलीफोटो म्हणतात. 1891 साली इंग्लंडमध्ये थॉमस डॉलमायर यांनी अशी लेन्स तयार केली. त्याच सुमारास जर्मनीतही हा शोध लागला. म्हणजे आपल्या हातातली ही वस्तू सव्वाशेहून अधिक वर्षांची आहे.

लेन्सच्या आधी पावलं

मी बापलेकांना एकच प्रश्न विचारला. "तुमचा पक्षी किती दूर असतो?"

दोघं एकमेकांकडे बघू लागले. लेन्सचा भाव माहीत होता, पण पक्ष्याचं अंतर कोणीच मोजलं नव्हतं. कपडा किती लागेल हे न मोजता शर्ट शिवायला टाकण्यासारखंच हे झालं!

मग आम्ही ठरवलं, की तीन रविवार कॅमेरा घरी ठेवायचा. बरोबर वही, पेन्सिल आणि शाळेची मोजपट्टी. पहिल्यांदा मुलाचं एक पाऊल मोजलं. ते साठ सेंटिमीटर भरलं. पक्ष्यांना उडवून बघायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. त्याची गरजही पडली नाही. सकाळी किनाऱ्यावर फिरायला येणारी माणसं असतातच. एखादा माणूस चालत पुढे आला, की पक्षी भर्रकन उडायचे. ओल्या वाळूत पक्ष्यांच्या पावलांचे ठसे राहायचे. माणूस कुठे होता आणि ठसे कुठे आहेत, यांमधली पावलं आम्ही मोजायचो.

उत्तर जवळजवळ दर वेळी पन्नास पावलांच्या आसपास आलं. म्हणजे तीस मीटर.

आता एक सोपं गणित. दूरच्या वस्तूचं कॅमेऱ्यात चित्र केवढं पडेल, हे असं काढतात : वस्तूची लांबी गुणिले नाभीय अंतर भागिले वस्तूपर्यंतचं अंतर. सगळं मिलिमीटरमध्ये घ्यायचं.

सँडर्लिंगची लांबी सुमारे 200 मिलिमीटर. अंतर 30,000 मिलिमीटर. मुलाच्या छोट्या लेन्सचं जास्तीत जास्त नाभीय अंतर 55. मग 200 × 55 ÷ 30,000 म्हणजे अर्धा मिलिमीटरही नाही! मोहरीच्या दाण्याहून लहान. मग फोटोत ठिपका नाही येणार तर काय येणार?

300 ची लेन्स लावली तर 2 मिलिमीटर. 600 ची लावली तर 4 मिलिमीटर. त्याच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र पडतं तो भाग, सुमारे 24 मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे 600 च्या लेन्सने पक्षी फोटोच्या सहाव्या भागाएवढा दिसेल.

"बघा बाबा, सहाशेच पाहिजे!" मुलगा उड्या मारू लागला.

पण अजून दोन रविवार बाकी होते.

आजोबांचा पाढा

दुसऱ्या रविवारी मुलाचे आजोबा आमच्याबरोबर आले. तरुणपणी ते खाडीत पाग टाकायला जायचे. आमचं मोजमाप त्यांनी शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही पक्ष्यामागे कशाला धावताय? पाणी त्याला तुमच्याकडे आणून सोडेल की!"

आजोबांचं म्हणणं असं. ओहोटीला पक्षी दूर पाण्याच्या काठी चरत असतात. भरती चढू लागली की ओली वाळू कमी कमी होत जाते आणि पक्षी पाण्याबरोबर वर सरकतात. आपण आधीच वर कोरड्या वाळूत गुपचूप बसलो, तर ते आपोआप आपल्या दिशेने येतात.

आणि भरती कधी येणार? त्यासाठीही आजोबांकडे पाढा तयार. तिथीची पाऊणपट करायची! आज चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या हा हिशेब चालतो. तो ठोकळ आहे, थोडं मागेपुढे होतं, पण घरातल्या दिनदर्शिकेवर काम भागतं.

आता मुलाने डोकं चालवलं. आमचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी समुद्राकडे पाहत बसलं की सूर्य आपल्या पाठीमागे. म्हणजे उजेड थेट पक्ष्यांवर पडणार. मग भरती सकाळी आठ-नऊला हवी. कोणत्या तिथीला येईल? अकरा पाऊणे सव्वाआठ. एकादशी! आणि बारा पाऊणे नऊ. द्वादशी!

तिसरी खेप आम्ही अशाच एका सकाळी केली. सहाच्या आधी निघालो. किनाऱ्यावर आदल्या भरतीच्या कचऱ्याची रेघ असते, तिच्याही वर, सुरूच्या झाडांना पाठ लावून बसलो. मळखाऊ रंगाचे कपडे घातले होते. बोलायचं नाही, उठायचं नाही, हात हलवायचे नाहीत. पहिला अर्धा तास काहीच झालं नाही. मला स्वतःला डास चावत होते, पण शिक्षिकेनेच नियम मोडला तर कसं चालेल?

मग पाणी चढू लागलं. पक्ष्यांची रांग वर सरकली. चिखल्या आले, त्यांच्या मागोमाग सँडर्लिंग आले. धाव, थांब, चोच खुपस, पुन्हा धाव. त्यांच्या पायांचा वाळूवर होणारा बारीक आवाज ऐकू येईल की काय, असं वाटलं. आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो. पाणी उतरू लागल्यावर ते आपणहून खाली गेले. मग आम्ही उठलो आणि सर्वांत जवळच्या ठशांपर्यंत पावलं मोजली.

वीस पावलं. म्हणजे बारा मीटर.

मुलगा तिथेच वाळूत बसला आणि बोटाने गणित करू लागला. 200 × 300 ÷ 12,000 = 5 मिलिमीटर.

पाहिलंत? उभं राहून चालत गेलं तर 600 च्या लेन्सने पक्षी 4 मिलिमीटरचा. गुपचूप बसून राहिलं तर 300 च्या लेन्सने 5 मिलिमीटरचा! अर्ध्या आकड्याच्या लेन्सने मोठा पक्षी!

बाबा काहीच बोलले नाहीत. नुसते आजोबांकडे बघून हसले.

लेन्सचे डोळे किती मोठे?

लेन्स निवडताना आणखी एक आकडा पाहावा लागतो. तो लेन्सवर 'एफ' अक्षराबरोबर लिहिलेला असतो : एफ 4, एफ 5.6, एफ 6.3. नाभीय अंतराला या आकड्याने भागलं, की प्रकाश आत यायच्या वाटेचा व्यास मिळतो. 600 भागिले 4 म्हणजे 150 मिलिमीटर, जेवायच्या वाटीपेक्षाही मोठं भोक! 600 भागिले 6.3 म्हणजे सुमारे 95 मिलिमीटर. म्हणूनच एफ 4 ची लेन्स जाडजूड, वजनदार आणि महाग असते. तिची किंमत कित्येक लाखांत जाते.

एफ 6.3 पेक्षा एफ 4 मधून सुमारे अडीचपट प्रकाश आत येतो. घनदाट जंगलात, संध्याकाळच्या अंधूक उजेडात त्याचा फार उपयोग. पण आमच्या किनाऱ्यावर सकाळी आठला लख्ख ऊन असतं. तिथे एफ 5.6 किंवा 6.3 ने काही अडत नाही. ताडोबातला फोटोग्राफर जी लेन्स वापरतो, तीच भुईगावात लागेल असं नाही. लेन्स निवडायची ती आपल्या जागेप्रमाणे.

लेन्सच्या मागे जोडायचा टेलीकन्व्हर्टर नावाचा एक छोटा तुकडा मिळतो. 1.4 पटीचा लावला तर 300 ची लेन्स 420 होते. वा! पण प्रकाश निम्माच उरतो. दोन पटीच्या तुकड्याने तर पाव. फुकट काहीच मिळत नाही.

मी घालवलेला पत्ता

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीची 400 ची लेन्स मी दोन दिवसांसाठी मागून आणली होती. संध्याकाळची वेळ. समोर एक कुरव वाळूवर उभा. त्याच्या पायात काहीतरी चमकलं. कडं! पक्षी अभ्यासक पक्ष्यांच्या पायांत अशी कडी घालतात. त्यांवर क्रमांक असतो. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने असं काम फार मोठ्या प्रमाणावर केलं आहे. ही संस्था 1883 सालची. क्रमांक वाचता आला, तर हा पक्षी कुठे आणि कोणत्या वर्षी पकडून सोडला होता ते कळतं.

मी घाईघाईने वीस फोटो काढले. घरी येऊन मोठे करून पाहिले, तर सगळे हललेले! कडं दिसत होतं, क्रमांक नाही. उजेड कमी होता, म्हणून कॅमेऱ्याने शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ उघडं ठेवलं होतं. मी त्या आकड्याकडे पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी गेले. तो कुरव पुन्हा दिसला नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याचा पत्ता माझ्या हातात आला होता, तो मी घालवला. अजून चुटपुट लागते.

म्हणून हा नियम पाठ करून ठेवा. लेन्सचा आकडा जेवढा, सेकंदाचे निदान तेवढे भाग करा. 300 ची लेन्स असेल तर शटर सेकंदाचा तीनशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ उघडलं पाहिजे. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात हात हललेला अधिक दिसतो, म्हणून पाचशेवा भाग धरा. धावत्या पक्ष्याला हजारावा, उडत्या पक्ष्याला दोन हजारावा.

काही लेन्समध्ये हाताची थरथर सावरण्याची सोय असते. निकॉन तिला 'व्हीआर' म्हणते, कॅनन 'आयएस'. ही सोय असलेली लेन्स जरूर घ्यावी. पण लक्षात ठेवा, ती फक्त आपला हात सावरते. पक्षी पळत असेल तर त्याला ती थांबवू शकत नाही!

आणखी एक शत्रू म्हणजे दुपार. वाळू तापली की तिच्यावरची हवा थरथरते, मृगजळासारखी. मग कितीही मोठी लेन्स लावा, दूरचा पक्षी पाण्यात पाहिल्यासारखा वेडावाकडा दिसतो. उपाय एकच, सकाळी लवकर उठा.

आईबाबांसाठी

आता थोडं मोठ्यांशी बोलते. मुलाने लेन्स मागितली, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. आधी सहा महिने साधी दुर्बीण द्या. 8 × 40 किंवा 8 × 42 आकाराची पुरते. दुर्बिणीचा कंटाळा आला, तर लेन्सचाही येईल. मोबाइलचा कॅमेरा दुर्बिणीच्या डोळ्याला लावूनही पक्षी ओळखण्याइतका फोटो निघतो.

त्यानंतरची पायरी मोठ्या झूमचा एकसंध कॅमेरा. 2015 साली निकॉनने पी 900 नावाचा असा कॅमेरा काढला, त्याचं झूम 83 पट होतं. वजन एक किलोच्या आत. अशा कॅमेऱ्याचा सेन्सर अगदी लहान असतो, त्यामुळे कमी उजेडात चित्र फुटतं. पण पक्षी ओळखायला आणि नोंद ठेवायला हा उत्तम.

लेन्स बदलायचा कॅमेरा घरात असेल, तर 55-250 किंवा 70-300 ची झूम लेन्स सुरुवातीला बरी. हलकी असते, शाळकरी मुलाच्या हाताला पेलते. 150-600 ची झूम दोन किलोच्या आसपास भरते. निकॉनची 200-500 तर त्याहून जड. दोन किलोची पिशवी मुलाला दहा मिनिटं डोळ्यांसमोर धरायला सांगा. लगेच कळेल!

जुनी लेन्स घ्यायलाही हरकत नाही. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची पुष्कळ दुकानं आहेत. मात्र जाताना आपला कॅमेरा आणि एक छोटी बॅटरी बरोबर न्या. लेन्सच्या एका टोकाने बॅटरीचा उजेड पाडा आणि दुसऱ्या टोकाने आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या, तर ती बुरशी आहे. अशी लेन्स घेऊ नका. लेन्स कॅमेऱ्याला लावून जवळचं आणि दूरचं, दोन्ही फोकस होतं का ते पाहा. निकॉनच्या डी 3000 आणि डी 5000 मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्येच असावी लागते. तिथे पुष्कळ जण फसतात.

आणि घरी आणल्यावर? आपली कोकणची हवा दमट, पावसाळा चार महिन्यांचा. लेन्स चामड्याच्या पाकिटात किंवा कपाटात कोंबून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. समुद्रावरून आल्यावर आधी फुंकणीने वाळू उडवा, मगच मऊ फडक्याने पुसा. वाळू असताना पुसलं तर काचेवर ओरखडे पडतात.

लेन्स मोठी, मन त्याहून मोठं

फोटो कशासाठी काढायचा, हेही एकदा विचारात घ्या. पूर्वी नवा पक्षी सापडला, की अभ्यासक तो बंदुकीने मारून आणत. आता कॅमेरा साक्ष देतो. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आपल्या महाराष्ट्रातलं. 1884 नंतर त्याची खात्रीची नोंदच नव्हती. ते नामशेष झालं, असं पुष्कळांना वाटत होतं. 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळ पुन्हा दिसलं. त्यांनी त्याचं चित्रण केलं, आणि एकही पक्षी न मारता जगाची खात्री पटली. पुढे 2014 साली तेच घुबड आपल्या जवळच्या तानसा अभयारण्यातही दिसलं.

पण फोटोसाठी पक्ष्याला त्रास झाला, तर त्या फोटोला काय अर्थ? सँडर्लिंग थंडीभर इथे पोट भरतो, ते एप्रिल-मे महिन्यांत पुन्हा उत्तरेला उडून जाण्यासाठी. आपण दर वेळी त्याला उडवलं, तर त्याची साठवलेली ताकद फुकट जाते आणि खाण्याचा वेळही जातो. उडतानाचा फोटो मिळावा म्हणून खडा मारणारी माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही तसं कधी करू नका. घरट्याजवळ जाऊ नका. उन्हाळ्यात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर समजा की आपण नको तितके जवळ आलो. आल्या पावली मागे फिरा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांना संरक्षण दिलेलं आहे. पण कायदा नसता तरी पाहुण्याला कोणी दगड मारतं का?

मग कोणती घेतली?

तुम्हाला उत्सुकता असेलच. बाबांनी जुनी, थरथर सावरणारी 70-300 ची लेन्स घेतली. उरलेल्या पैशांतून एक दुर्बीण आणली, ती आता आजोबांच्या गळ्यात असते. बाकीचे पैसे वाडीच्या पंपासाठी गेले.

मुलाने काढलेला पहिला बरा फोटो मी वर्गात लावला आहे. सँडर्लिंगच्या चोचीत काहीतरी बारीकसं आहे आणि मागे लाट येते आहे. फोटो थोडा तिरका आहे. पण पक्षी निवांत चरतो आहे, कॅमेऱ्याकडे त्याचं लक्षही नाही.

"बाई, मोठेपणी मी सहाशेची घेणारच," मुलगा परवाही म्हणाला. घेईलही! तोवर दर एकादशीला तो आजोबांबरोबर किनाऱ्यावर असतो, शाळा नसेल तर.

हे करून पाहा

घरातलं भिंग घ्या. खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरच्या झाडाचं चित्र पाडा. भिंतीपासून भिंगाचं अंतर मोजा. तेच नाभीय अंतर. भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका.

मग आपलं एक पाऊल किती सेंटिमीटरचं आहे ते मोजा. अंगणातली चिमणी, तळ्यावरचा बगळा, शेतातली टिटवी तुम्हाला किती पावलांवर निवांत बसू देते, ते वहीत लिहा. उभं राहून किती, बसून किती, दोन्ही लिहा. समुद्रावर जाणार असाल तर मोठ्या माणसाला बरोबर न्या, आणि भरतीच्या रेघेच्या वरच बसा.

महिन्याभराने वही उघडून बघा. तुम्हाला कोणती लेन्स हवी, हे दुकानदाराच्या आधी तुमची वहीच सांगेल. मग, कधी जाताय पावलं मोजायला?